लहान मुलांना प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकवताना: हत्ती, घड्याळं आणि सात मात्रा

वीस-वीस मिनिटांची गाणी, अधेमधे बदलणारे ताल, संपता न संपणारं कीबोर्डवादन. प्रोग्रेसिव्ह रॉकचं असं वर्णन ऐकलं की हे संगीत फक्त चाळिशी ओलांडलेल्या, अल्बमच्या कव्हरवरची बारीक अक्षरं वाचत बसणाऱ्या माणसांसाठी असावं असं वाटतं. पण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना यातलं बरंच काही मोठ्यांपेक्षा लवकर रुचतं. गाणं साडेतीन मिनिटांत आटपलं पाहिजे, ठेका चारातच पडला पाहिजे, मध्ये कुत्रं रडता कामा नये, हे नियम त्यांना अजून कुणी शिकवलेले नसतात. घोडं अडतं ते आपल्यामुळे. आपल्याला जे थोर वाटतं ते आपण आधी लावतो, आणि मुलाला ज्याची गंमत वाटली असती ते राहून जातं.

तुम्ही स्वतःही या वाटेवर नवे असाल तर एवढी ओळख पुरे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या काही रॉक बँडना नेहमीच्या साच्यातली गाणी अपुरी वाटू लागली. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ, लोकसंगीत यांतून हवं ते उचललं, गाण्यांना अध्याय पाडले, आणि बासरी, व्हायोलिन, ऑर्गन, नुकताच आलेला, विजेवर आवाज घडवणारा ‘मूग’ नावाचा सिंथेसायझर असं बरंच काही मंचावर आणलं. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर ही ठळक नावं. कॅनडाचा रश आणि नेदरलँड्सचा फोकस हेही त्याच घराण्यातले. मुलाला यातलं काहीही सांगायची गरज नाही. तुम्ही मात्र प्रत्येक गाणं मुलासमोर लावण्याआधी एकदा एकट्यानं, शेवटपर्यंत ऐका. ते का, हे पुढे कळेलच.

आधी आवाज जुळवा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण सगळ्यात जास्त मुलं इथेच बिथरतात. आजची बरीचशी लोकप्रिय गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच पातळीवर वाजतात. सत्तरच्या दशकातलं प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, तसं नाही. ते कुजबुजीतून गडगडाटात जातं, तेही न सांगता. पिंक फ्लॉइडचं ‘टाइम’ (१९७३) हलक्या टिकटिकीनं सुरू होतं. ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि तेवढ्यात सगळी घड्याळं एकदम ठणाणा करतात. येसच्या ‘क्लोज टू द एज’मध्ये (१९७२) आधी पाखरं आणि वाहतं पाणी, मग अख्खा बँड अंगावर येतो. चार वर्षांचं पोर त्या क्षणी दचकलं की ते गाणं पुढचे कित्येक महिने बाद.

म्हणून गाण्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा आधी शोधा, तिथे आवाज बेताचा करा आणि मग गाणं पहिल्यापासून लावा. सुरुवात नीट ऐकू येत नसेल तर मुलालाच सांगा, ‘कान दे, काहीतरी लपलंय.’ हेडफोन या वयात नकोतच. खोलीत थोड्या अंतरावर ठेवलेला साधा स्पीकर चांगला, कारण मुलाला ऐकता ऐकता हिंडता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५. आपल्या कानाला जे ‘जरा मोठं, मजा येतेय’ वाटतं, ते मुलासाठी बहुतेक वेळा जास्तच असतं.

पहिली गाणी: ज्यांत ओळखीचे आवाज आहेत

सुरुवात सुरांनी करू नका, आवाजांनी करा. किंग क्रिम्सनचं ‘एलिफंट टॉक’ (१९८१) माझ्या यादीत पहिलं. त्यात एड्रियन बेल्यूची गिटार चक्क हत्तीसारखी चीत्कारते, आणि गाण्याचे शब्द म्हणजे बोलण्याच्या नाना तऱ्हांची इंग्रजी नावं, ए पासून ई पर्यंत अक्षराअक्षरानं लावलेली. मुलाला एकही शब्द कळला नाही तरी हत्ती कळतो. ‘हत्ती कधी आला?’ एवढाच प्रश्न विचारा आणि बघा, गाणं संपेपर्यंत पोर कान टवकारून बसतं की नाही.

पिंक फ्लॉइडच्या ‘मेडल’ (१९७१) या अल्बमवर ‘शेमस’ नावाचं दोनेक मिनिटांचं गाणं आहे. जाणकार त्याला नाकं मुरडतात. गाण्यात एक कुत्रा सूर लावून रडतो, आणि मुलांच्या दृष्टीनं अख्ख्या अल्बममधली सर्वोत्तम गोष्ट हीच. जेनेसिसच्या ‘आय नो व्हॉट आय लाइक’मध्ये (१९७३) गवत कापायच्या यंत्राची घरघर आहे. फोकसच्या ‘होकस पोकस’मध्ये (१९७१) थाइस फान लेअर यॉडलिंग करतो, म्हणजे आवाज छातीतून डोक्यात आणि परत असा झपाट्यानं उड्या मारतो. मग शीळ येते, बासरी येते, आणि मधेमधे गिटारचा तोच दणकट तुकडा परततो. शब्द नाहीतच, त्यामुळे भाषेचा अडसर नाही. हे गाणं लावल्यावर घरात काही दिवस यॉडलिंग चालेल. दुपारी झोपणारं कुणी घरात असेल तर तेवढा विचार करून ठेवा.

इथे एक नियम पाळा: एका वेळी एकच तुकडा, तीन-चार मिनिटांचा, आणि मुलाचं लक्ष उडायच्या आत थांबायचं. ‘पुन्हा’ म्हणालं तर तेच पुन्हा लावा. ‘हे आवडलं ना, मग आता हे ऐक’ हा मोह मोठ्यांना फार होतो. मुलांना तेच ते दहादा ऐकायचं असतं, त्यातूनच गाणं त्यांचं होतं. आणि ‘चल, आता आपण गाणी ऐकू’ अशी घोषणाही नको. चित्रं काढताना, ठोकळे रचताना बाजूला लावून ठेवा.

मग ताल, तोही अंगानं

विषम मात्रांचा बाऊ मोठ्यांना असतो, बाळांना नसतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाल्कन लोकसंगीतातले असमान खंडांचे ताल वापरले होते. त्या तालांमधली मोडतोड उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना ओळखू आली, तिथल्याच प्रौढांना मात्र फक्त सरळ तालांतलीच चूक नीट पकडता आली. वर्षाच्या सुमाराला बाळांचा कानही आसपासच्या संगीताकडे झुकू लागतो, पण त्या वयात थोडा वेळ वेगळं संगीत ऐकवलं की तो परत सैल होतो. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘हे अवघड आहे बरं का’ असं सांगण्यात काही अर्थ नाही.

सातासाठी पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (१९७३) घ्या. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे आवाज चक्राकार वाजतात. टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून तो फेरा बनवला होता. त्याच्यावर बास गिटार येते. मुलासोबत खोलीत चालत सात मोजा: एकवर जोरात पाय, बाकीचे हलके. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात घरचेच, फक्त इथला झोल वेगळा आहे. चार-पाच फेऱ्यांत मूल मोजणं सोडून देतं आणि पाय बरोबर पडू लागतो. मग गिटारचा एकल भाग येतो आणि गाणं गुपचूप चारात जातं. पाय चुकला की मूल खदखदा हसतं. त्याला कुणीतरी फसवलंय हे त्याला कळलेलं असतं. दुसऱ्या कडव्यात एक इंग्रजी शिवी आहे. मुलाला इंग्रजी समजत असेल तर पहिल्या कडव्यानंतर थेट सॅक्सोफोनवर जा.

त्याहून चांगला खेळ रशच्या ‘वायवायझेड’मध्ये (१९८१) आहे. टोरोंटोच्या विमानतळाची खूण असलेली ही तीन अक्षरं मोर्स संकेतात वाजवली की जो ठेका होतो, त्यावरच गाणं उघडतं. लांब ठोका ‘डा’, आखूड ठोका ‘डि’. मग गाणं असं: डा-डि-डा-डा, डा-डि-डा-डा, डा-डा-डि-डि. आधी गाणं न लावता हे टेबलावर बोटांनी वाजवायला शिकवा. ही गुप्त भाषा आहे आणि विमानं उडवणाऱ्यांना ती कळते, असं सांगा. हात बसला की गाणं लावा. आपण टेबलावर वाजवत होतो तेच ढोलावर, गिटारवर येतंय हे कळल्यावर सहा वर्षांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या ठेक्यात पाच मात्रा आहेत, हे त्याला कधीच कळलं नाही तरी चालेल. पाचाचा आणखी एक नमुना हवा असेल तर इमर्सन लेक अँड पामरच्या ‘टार्कस’चा (१९७१) पहिला भाग आहे, तो झपाट्याचा आहे, नाचायला ठीक, मोजायला नको.

कोण काय वाजवतंय

यासाठी माइक ओल्डफील्डच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ (१९७३) इतकं सोयीचं दुसरं काही नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो १९ वर्षांचा होता आणि बहुतेक वाद्यं त्यानं स्वतःच वाजवली. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या शेवटी एकच धून पुन्हा पुन्हा येते आणि दर फेरीला एक निवेदक पुढच्या वाद्याचं नाव पुकारतो: ग्रँड पियानो, ऑर्गन, ग्लॉकेनस्पील, बास गिटार, मँडोलिन… आणि सगळ्यात शेवटी त्या नळीच्या घंटा. अख्खी बाजू सुमारे पंचवीस मिनिटांची आहे; तुम्ही फक्त हा शेवटचा भाग लावा. दुसऱ्यांदा ऐकताना मूल निवेदकाच्या आधी नाव ओरडायला लागेल. तिसऱ्यांदा घरातल्या डब्या, चमचे, खेळण्यातला पियानो घेऊन ‘आता माझी पाळी’ सुरू होईल. निवेदक तुम्ही व्हा आणि नावं गंभीर आवाजात पुकारा.

दुसऱ्या बाजूला मध्येच एक माणूस आदिमानवासारखा गुरगुरतो. काही मुलं त्यावर जीव टाकतात, काही उशीखाली तोंड घालतात. आपलं मूल कुठल्या जातीचं ते तुम्हाला माहीत असेल. आणि या अल्बमची सुरुवात एका गाजलेल्या भयपटात वापरली होती, ही माहिती स्वतःपाशी ठेवा.

मेलोट्रॉनची गोष्टही मुलांना आवडते. दिसायला पेटीसारखं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, आणि तिच्यावर खऱ्या बासरीचा, व्हायोलिनचा किंवा गाणाऱ्यांचा एकच सूर आधीच भरलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, सुमारे आठ सेकंदांत संपते, बोट उचललं की मागे जाते. ‘पेटीत कोंडलेली माणसं गातायत’ असं म्हणून जेनेसिसच्या ‘वॉचर ऑफ द स्काइज’ची (१९७२) सुरुवात ऐकवा. जेथ्रो टलचा इयन अँडरसन मात्र ऐकवण्यापेक्षा दाखवावा. एका पायावर उभं राहून बासरी वाजवणारा, डोळे वटारणारा माणूस बघितल्यावर घरातली प्रत्येक लाटणी, पट्टी, पेन्सिल बासरी होते. त्यांचं ‘बुरे’ (१९६९) बाखच्या एका रचनेवर बेतलेलं आहे आणि चारेक मिनिटांत संपतं.

गोष्ट आधी, गाणं नंतर

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी हा सगळ्यात मोठा दरवाजा. प्रॉगमध्ये गोष्टी ठासून भरल्या आहेत, पण त्या इंग्रजीत, शब्दांच्या कसरतींसकट. म्हणून गोष्ट आधी मराठीत, तुमच्या पद्धतीनं, हवी तेवढी मीठमिरची लावून सांगा. गाणं दुसऱ्या दिवशी.

जेथ्रो टलच्या ‘अ पॅशन प्ले’ (१९७३) या अल्बमच्या मधोमध चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट आहे. घुबड, कांगारू, पाणसरडा, मधमाशी असे सगळे जमतात, खल करतात, आणि सशाकडे दुसरा चष्मा असतोच. बाकीचा अल्बम मृत्यूनंतरच्या प्रवासावर आहे, तो सोडून द्या. जेनेसिसचं ‘स्क्वॉन्क’ (१९७६) हे अमेरिकी लोककथेतल्या एका प्राण्यावर आहे: तो इतका कुरूप आणि दुःखी की पकडला गेला तर रडून रडून विरघळून जातो, पोत्यात उरतं फक्त पाणी. ही गोष्ट हळव्या मुलाला सांगताना जपून. रशचं ‘द ट्रीज’ (१९७८) उंच ओक आणि त्यांच्या सावलीत अडकलेल्या मेपल झाडांच्या भांडणावर आहे. शेवटी सगळ्यांची उंची सारखी होते, ती कुऱ्हाडीनं. ‘मग भांडण सुटलं का?’ असं विचारून बघा आणि गप्प बसा. सात वर्षांची मुलं यावर मोठ्यांपेक्षा बरं बोलतात.

शब्दच नकोत, तर कॅमलचा ‘द स्नो गूज’ (१९७५). पॉल गॅलिकोच्या गोष्टीवर बेतलेला हा अल्बम पूर्णपणे वाद्यसंगीताचा आहे आणि छोट्या छोट्या तुकड्यांत विभागलेला, म्हणून मुलांसाठी आयता. ओसाड दीपगृहात एकटा राहणारा चित्रकार, जखमी हंसी घेऊन येणारी मुलगी, हंसी बरी होऊन उडते, पुन्हा येते. चित्रकाराच्या नावाचा ‘रायडर’ हा तुकडा अँड्र्यू लॅटिमरच्या बासरीवर आहे आणि एकदा ऐकला की मुलं तो गुणगुणतात. पुढे गोष्ट दुसऱ्या महायुद्धात, १९४०च्या डंकर्कला जाते आणि चित्रकार मरतो. लहानांसाठी हंसी उडाली तिथेच थांबलात तरी गोष्ट अपुरी वाटत नाही.

येसमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक वेकमनचं ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ (१९७४) हे ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरचं, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाद्यवृंद, गायकवृंद आणि निवेदकासह ध्वनिमुद्रित केलेलं प्रकरण. भपकेबाज म्हणून अनेकांनी त्याची टर उडवली आहे. भपका मुलांना वर्ज्य नसतो.

कव्हर आणि कागद

रॉजर डीनची येससाठी केलेली चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवा. ‘फ्रॅजाइल’वरचा (१९७१) चिमुकला ग्रह दाखवून विचारा, ‘इथे कोण राहत असेल?’ आणि गाणं चालू असेपर्यंत मुलाला ते काढू द्या. ‘टार्कस’वर आर्माडिलो आणि रणगाडा यांचं मिश्रण असलेला प्राणी आहे, त्यावरून दोन प्राणी-यंत्रांची जोडी जमवणं हा तासभराचा धंदा होतो. किंग क्रिम्सनच्या पहिल्या अल्बमवरचा (१९६९) किंचाळणारा चेहरा मात्र झोपायच्या आधी दिसू देऊ नका. त्याच अल्बममधलं ‘आय टॉक टू द विंड’ हे बासरीचं शांत गाणं झोपवायला उत्तम, कव्हर पालथं ठेवून.

लांब गाणी

घाई नको. वर सांगितलेलं निम्मं पचल्यावरच इकडे या, आणि तेव्हाही तुकड्यांनी. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ (१९७२) सुमारे तेवीस मिनिटांचं, सात भागांचं आहे. त्यातला ‘विलो फार्म’ हा भाग वेगळा काढून लावा: बेडूक राजपुत्र होता, राजपुत्र वीट होता, वीट अंडं होती, अंडं पक्षी होतं, असला सगळा उलटापालटा कारभार. बँडचा गायक पीटर गेब्रिएल तो भाग डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या लावून गायचा. मुलाला तो भाग पाठ झाला की एके दिवशी पूर्ण गाणं लावा आणि ‘आपलं शेत कुठे येतं ते सांग’ म्हणा. ओळखीच्या जागेची वाट बघत मूल बाकीची मिनिटं आपोआप ऐकतं. मधल्या पाच-सात मिनिटांत ते उठून गेलं तर जाऊ द्या, गाणं बंद करू नका. बऱ्याचदा शेजारच्या खोलीतून ‘आलं, आलं!’ ऐकू येतं.

पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ (१९७१) थेंबासारख्या एका सुरानं उघडतं. पाणबुडीत बसल्याचा खेळ खेळायला झकास, पण मधला भाग किंकाळ्यांचा आणि वाऱ्याचा आहे. दिवसाउजेडी ऐका.

काय मागे ठेवायचं

पिंक फ्लॉइडच्या ‘केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, यूजीन’मधली किंकाळी मोठ्यांनाही सोसत नाही. जेनेसिसच्या ‘द म्युझिकल बॉक्स’चं नाव बघून फसू नका, त्यातली गोष्ट खून आणि वासनेची आहे. जेथ्रो टलचं ‘अ‍ॅक्वालंग’ही नको. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’मधलं (१९७९) मुलांच्या कोरसचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ हे प्रसिद्ध गाणं मुलं पहिल्या फटक्यात उचलतात, कारण ते खऱ्या शाळकरी मुलांनीच गायलंय. फक्त ते दुसऱ्या दिवशी वर्गात, शिक्षकांसमोर गायलं जाईल याची तयारी ठेवा. बाकीचा अल्बम युद्ध, एकटेपणा आणि मन मोडून पडण्याचा आहे. त्याला आणखी दहा वर्षं आहेत.

नाहीच आवडलं तर

मूल कानावर हात ठेवत असेल, खोलीतून निघून जात असेल किंवा ‘माझं गाणं लाव’ म्हणत असेल, तर त्याचं गाणं लावा. समजावू नका, ‘हे किती अवघड वाजवलंय माहितीये?’ तर मुळीच म्हणू नका. काही आठवड्यांनी वेगळ्या स्वभावाचा तुकडा लावून बघा: दणक्यानं बिथरलं असेल तर येसच्या स्टीव्ह हाउचं एकट्या गिटारवरचं ‘मूड फॉर अ डे’ (१९७१), संथपणाला कंटाळलं असेल तर ‘होकस पोकस’. आठवड्यातून दोन-तीन तुकडे पुरेसे आहेत. बाकीचा वेळ घरात इतर संगीत, आणि शांतताही, असू द्या.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला न्यायचं असेल तर सहा-सातच्या आत शक्यतो टाळा. नेलंत तर मुलांच्या मापाचे, कान पूर्ण झाकणारे संरक्षक डोक्यावर हवेतच. कापसाचे बोळे चालत नाहीत. संरक्षक घरी आधी अर्धा तास घालून बघायला लावा, नाहीतर पहिल्याच गाण्यात काढून फेकले जातील. जागा स्पीकरपासून दूर आणि दाराजवळची घ्या, आणि मध्यंतरात घरी यायची मनाची तयारी ठेवूनच तिकीट काढा.